नायब, नबाब आणि नेबॉब

प्रस्तावना

तहसील कचेरीत उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढावयास गेलेल्या माणसाला एका दारावर 'नायब तहसीलदार' अशी पाटी हमखास दिसते. तहसीलदाराच्या हाताखाली काम करणारा आणि त्याच्या गैरहजेरीत त्याचे काम पाहणारा अधिकारी, हा या पाटीचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. मात्र तालुक्याच्या ठिकाणचा हा साधा 'नायब', लखनौचा 'नबाब' आणि इंग्रजी शब्दकोशातील 'नेबॉब' हे तिन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत, असे कोणी सांगितले तर त्यावर चटकन विश्वास बसत नाही.

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात बदलतात. 'तेल' म्हणजे मुळात तिळापासून निघालेला स्निग्ध पदार्थ. आज आपण शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, इतकेच काय पण मातीचेही तेल म्हणतो. हा अर्थविस्तार झाला. 'मृग' शब्दाने एके काळी कोणताही वन्य पशू दाखवला जाई. आता त्याचा अर्थ हरीण एवढाच उरला आहे. हा अर्थसंकोच होय. असे बदल सहसा हळूहळू होतात. ते कोणी ठरवून केलेले नसतात. पण काही शब्द असे असतात की त्यांच्या अर्थातील प्रत्येक बदलामागे राज्य, पैसा आणि माणसांचे परस्परांविषयीचे मत यांचा इतिहास दडलेला असतो. इंग्रजीतील 'नेबॉब' हा असाच एक शब्द. त्याचा माग काढावयाचा तर आरंभ अरबी भाषेपासून करावा लागतो आणि मुक्काम बराच काळ लखनौला करावा लागतो.

दुसऱ्याच्या जागी उभा असलेला

अरबी भाषेत 'नाइब' म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहून त्याच्या वतीने काम करणारा, प्रतिनिधी. मराठीतील 'नायब' हा हाच शब्द. नायब तहसीलदार, सैन्यातील नायब सुभेदार, दिल्लीचे नायब राज्यपाल या सर्व पदनामांत त्याचा मूळ अर्थ आजही शाबूत आहे.

अरबीत 'नाइब' या शब्दाचे अनेकवचन 'नुव्वाब' असे होते. या अनेकवचनाचा हिंदुस्थानात मोठा गमतीदार उपयोग झाला. मोठ्या माणसाला एकवचनात संबोधणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानतात. 'साहेब आला' असे कोणी म्हणत नाही, 'साहेब आले' असेच म्हणतात. याच न्यायाने एका थोर प्रतिनिधीसाठी अनेकवचनी 'नुव्वाब' वापरले जाऊ लागले, आणि उच्चार बदलत त्याचे 'नवाब' झाले. मराठीने 'व'चा 'ब' करून 'नबाब' केले. म्हणजे शब्दशः पाहिले तर 'नबाब' या एकवचनी वाटणाऱ्या शब्दाचा अर्थ 'प्रतिनिधी लोक' असा आहे! अरब देशांत हा शब्द आपल्या मूळ अर्थाला अधिक धरून राहिला. जॉर्डन आणि इजिप्त या देशांत लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला 'मजलिस अल-नुव्वाब' म्हणजे प्रतिनिधींची सभा असे म्हणतात. तेथील 'नुव्वाब' मते मागून सभागृहात जातात.

मोगल बादशाहीत मात्र मतांचा प्रश्नच नव्हता. राज्याचे सुभे पाडलेले होते आणि प्रत्येक सुभ्यावर बादशहाने नेमलेला सुभेदार असे. त्याला मानाने नवाब म्हणत. तो बादशहाच्या वतीने सारा गोळा करी, बंदोबस्त ठेवी, आणि बादशहाची मर्जी फिरली की त्याची बदली होई. १७०७ साली औरंगजेबाचा मृत्यू झाल्यानंतर दिल्लीची पकड सैल होत गेली. ज्यांची बदली करावी ते बदलीचा हुकूम मानीनात, आणि ज्यांनी सारा पाठवावा ते पाठवीनात. बंगाल, अवध, अर्काट येथील नबाब प्रत्यक्षात स्वतंत्र राजे बनले. तरीही त्यांनी स्वतःला राजा म्हणवून घेतले नाही. आपण बादशहाचे नायब आहोत, हे नाव त्यांनी सांभाळून ठेवले.

महाराष्ट्राला हा प्रकार अनोळखी वाटावयास नको. 'पेशवा' हा शब्दही फारसी, आणि त्याचा अर्थ 'पुढे असणारा', अग्रणी. पेशवे हे छत्रपतींचे प्रधान. राज्याची सूत्रे पुण्याला आली तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. हाताखालच्या माणसाची पदवी तशीच राहावी आणि तिच्या आत राज्यकर्त्याचा अर्थ भरला जावा, ही घटना अठराव्या शतकात देशाच्या अनेक भागांत एकाच सुमारास घडत होती.

लखनौचे नबाब

अवधच्या घराण्याचा आरंभ १७२२ साली झाला. त्या वर्षी बादशहा मुहम्मदशहाने सादतखान याला अवधचा सुभेदार नेमले. त्याच्यानंतर आलेला सफदरजंग हा पुढे संपूर्ण मोगल साम्राज्याचा वजीर झाला, आणि तेव्हापासून अवधच्या अधिपतींना 'नबाब वजीर' म्हणू लागले. पठाणांशी चाललेल्या झगड्यात याच सफदरजंगाने मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांची मदत घेतली होती.

त्याचा मुलगा शुजाउद्दौला हा मराठी वाचकांना पानिपताच्या प्रकरणातून माहीत असतो. सदाशिवरावभाऊंनी त्याला आपल्या बाजूला वळवण्याचा प्रयत्न केला. पण १७६० साली तो अब्दालीला जाऊन मिळाला. असे असूनही युद्ध संपल्यावर विश्वासराव आणि भाऊ यांच्या देहांवर अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून खटपट करणारा हाच नबाब होता. ही हकिकत लिहून ठेवणारा काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण. तो शुजाउद्दौलाच्या पदरी नोकरीस होता. त्याने फारसीत लिहिलेल्या वृत्तान्ताचे इंग्रजी भाषांतर १७९१ साली झाले, आणि पानिपतच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन म्हणून ते अजूनही वाचले जाते.

नबाब ही पदवी मराठ्यांच्या घरातही शिरली, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. पहिले बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर पानिपतच्या रणात जखमी होऊन मृत्यू पावला. त्याचा मुलगा अली बहादूर याने बुंदेलखंडात आपला अंमल बसवला, आणि त्याचे वंशज 'बांद्याचे नबाब' म्हणून ओळखले गेले. पेशव्यांच्या रक्ताचे नबाब, असे हे वेगळेच नाते आहे.

१७६४ साली बक्सारच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने शुजाउद्दौला आणि त्याचे साथीदार यांचा पराभव केला. पुढच्या वर्षी अलाहाबाद येथे तह झाला आणि नबाबाच्या माथ्यावर पन्नास लाख रुपयांची खंडणी बसली. अवधचे राज्य राहिले, पण कंपनीचा फास गळ्यात पडला तो येथे. १७७५ साली शुजाउद्दौला वारला. त्याचा मुलगा असफउद्दौला याने राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली, आणि आज ज्याला आपण 'नबाबांचे शहर' म्हणतो ते शहर आकार घेऊ लागले. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून त्याने मोठ्या इमामबाड्याचे बांधकाम काढले. त्याच्या मुख्य दालनाचे छत तुळयांच्या आधारावाचून तोललेले आहे.

१८०१ साली कंपनीने तहाच्या नावाखाली अवधचा जवळजवळ निम्मा मुलूख घेतला. त्यानंतर १८१९ साली गाझीउद्दीन हैदर याने कंपनीच्याच प्रोत्साहनाने राज्याभिषेक करवून घेतला आणि तो 'नबाब' न राहता 'बादशहा' झाला. दिल्लीच्या बादशहाचे महत्त्व कमी व्हावे, हा कंपनीचा त्यामागील डाव होता. उपाधी वाढत गेली तशी सत्ता घटत गेली. काटेकोरपणे बोलायचे तर लखनौचे अखेरचे पाच राज्यकर्ते नबाब नव्हतेच, ते बादशहा होते. परंतु लोकांच्या तोंडी जुनाच शब्द राहिला.

विलायतेतील 'नेबॉब'

आता समुद्रापलीकडे जाऊ. हिंदुस्थानात आलेल्या पोर्तुगिजांनी 'नवाब'चे 'नबाबो' केले होते. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात हाच शब्द 'नेबॉब' या रूपाने येऊ लागला. तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता: मोगलांचा सुभेदार. सुरतेच्या किंवा हुगळीच्या वखारीतील कारकुनाला ज्याच्यापुढे वाकून परवाना मागावा लागे, तो नेबॉब.

१७५७ साली प्लासीची लढाई झाली आणि हे चित्र पालटले. रॉबर्ट क्लाइव्ह याने बंगालच्या गादीवर मीर जाफर याला बसवले. नवा नबाब कंपनीने बसवला, तेव्हा त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांना नजराणे दिलेच पाहिजेत! एकट्या क्लाइव्हला २ लाख ३४ हजार पौंड मिळाले, आणि पुढे जहागिरीचे उत्पन्न वेगळे. कंपनीच्या सामान्य कारकुनांचा पगार अगदीच तुटपुंजा असे; पण त्यांना खासगी व्यापाराची मुभा होती. मीठ, सुपारी, तंबाखू यांच्या व्यापारात कंपनीच्या दस्तकाचा आधार घेऊन जकात चुकवायची आणि देशी व्यापाऱ्याला बाजारातून उठवायचे, हा त्यांचा राजरोस उद्योग झाला. विशीतला मुलगा रिकाम्या हाताने जहाजात चढे, आणि तापाने किंवा दारूने मेला नाही तर चाळिशीच्या आत गर्भश्रीमंतांच्या तोडीचा होऊन परत येई.

परत आलेल्या या लोकांनी इंग्लंडमध्ये जमिनी विकत घेतल्या, वाडे बांधले, घोडागाड्या ठेवल्या. इतके करून ते थांबले असते तर कदाचित कोणी फारसे बोलले नसते. परंतु त्यांनी पार्लमेंटमधील जागाही विकत घेण्यास सुरुवात केली. त्या काळी इंग्लंडमध्ये असे कितीतरी मतदारसंघ होते की जेथे मूठभर मतदार असत आणि त्यांची मते उघडपणे पैशाने मिळत. हा बाजार नेबॉबांनी सुरू केला नव्हता. तो पिढ्यानपिढ्या तेथील जमीनदारांच्या हाती होता. नव्या गिऱ्हाइकांनी बोली चढवली, एवढाच त्यांचा गुन्हा. खानदानी जमीनदारांना हे खपेना. या भुईफोड श्रीमंतांना हिणवण्यासाठी त्यांना एखादे नाव हवे होते, आणि ते तयारच होते: नेबॉब.

१७७२ साली लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात सॅम्युएल फूट याचे 'द नेबॉब' हे प्रहसन रंगभूमीवर आले. त्यातील नायक सर मॅथ्यू माइट हा हिंदुस्थानातून पैसा करून आलेला. 'माइट' म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा क्षुद्र कीटक. नावातच लेखकाने सर्व काही सांगितले आहे. हा माइट एका जुन्या घराण्याची कर्जे आपल्या ताब्यात घेतो आणि त्या बदल्यात घरातील मुलीशी लग्नाची मागणी घालतो. पार्लमेंटच्या जागेसाठी एका गावाशी सौदा करतो. नाटक आले ती वेळही नेमकी होती. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळाच्या बातम्या लंडनला पोचल्या होत्या, आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. पुढच्याच वर्षी पार्लमेंटला कंपनीच्या कारभारावर नियंत्रण घालणारा कायदा करावा लागला.

अशा रीतीने 'नेबॉब' या इंग्रजी शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. हिंदुस्थानातील मोगल अधिकारी हा पहिला अर्थ; हिंदुस्थानात पैसा करून परतलेला उर्मट इंग्रज हा दुसरा. शब्द एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवला गेला, आणि चढवताना आदराचे अस्तर उसवून त्याजागी तिरस्काराचे लावले गेले. भाषेच्या अभ्यासात याला अर्थाचा अपकर्ष म्हणतात.

पाठगत प्रश्न

१. 'नबाब' हा शब्द मुळात अनेकवचनी असूनही एका व्यक्तीसाठी का वापरला जाऊ लागला? मराठीतील आदरार्थी बहुवचनाचे एक उदाहरण स्वतःच्या बोलण्यातून द्या.
२. 'पेशवा' आणि 'नबाब' या पदव्यांच्या इतिहासात कोणते साम्य आढळते?
३. इंग्लंडमधील जमीनदारांचा नेबॉबांवर राग का होता? तो राग हिंदुस्थानातील लोकांच्या हालांबद्दल होता काय?

नाव कोणाचे, हात कोणाचे

वरील तिसऱ्या प्रश्नावर थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. नेबॉबांची चेष्टा करणाऱ्या नाटकांत आणि व्यंगचित्रांत भर कशावर असे? त्यांच्या मसालेदार जेवणावर, हुक्क्यावर, नोकरचाकरांच्या लवाजम्यावर, उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर. पूर्वेकडे राहिल्याने चांगला इंग्रज माणूस बिघडला, तेथील ऐषाराम आणि जुलमाची हवा त्याला बाधली, असा एकूण सूर. ही मोठी सोयीची समजूत होती. पैसा काढला इंग्रज व्यापारी कंपनीच्या नोकरांनी, इंग्रज बंदुकांच्या जोरावर. पण या दुर्गुणाला नाव दिले गेले ते हिंदुस्थानी. 'नेबॉब' म्हटले की दोष आपोआप नबाबाच्या देशाकडे जाई. (त्याच सुमारास आपला 'लूट' हा शब्दही इंग्रजीने उचलला, आणि तो आजतागायत तेथे सुखाने नांदत आहे. क्रियेचे नावही आपले आणि कर्त्याचे नावही आपले!)

या काळात खऱ्या नबाबाची स्थिती काय होती, हे लखनौ-फैजाबादच्या एका प्रकरणावरून स्पष्ट होते. अवधमध्ये ठेवलेल्या कंपनीच्या पलटणींचा खर्च असफउद्दौलावर लादलेला होता, आणि त्याची बाकी फुगत चालली होती. त्याची आई बहू बेगम आणि आजी या फैजाबादला राहत. त्यांच्याजवळ मोठी संपत्ती होती. १७७५ साली बहू बेगमेने मुलाला मोठी रक्कम दिली, तेव्हा यापुढे तिच्या मालमत्तेला हात लागणार नाही अशी हमी कंपनीने दिली होती. परंतु १७८१ साली गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने ती हमी मागे घेतली. १७८२ च्या जानेवारीत कंपनीची फौज फैजाबादला पोचली. बेगमांच्या विश्वासातील ख्वाजासरांना कैदेत घालून त्यांच्याकडून खजिना वसूल करण्यात आला, आणि नबाबाची बाकी कंपनीच्या खाती जमा झाली.

याबद्दल आणि इतर आरोपांबद्दल हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये महाभियोग चालला. १७८८ साली सुरू झालेला हा खटला १७९५ साली संपला. एडमंड बर्क आणि शेरिडन यांची अवधच्या बेगमांवरील भाषणे ऐकावयास लंडनच्या प्रतिष्ठितांची गर्दी लोटली. अखेर हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बेगमांचा खजिना परत गेला नाही.

लखनौत राहिलेल्या एका युरोपीय 'नेबॉबा'चाही उल्लेख करावयास हवा, कारण तो मायदेशी परतलाच नाही. क्लॉड मार्टिन हा फ्रान्समधील लिओं शहरात १७३५ साली जन्मला. कंपनीच्या नोकरीत आणि नबाबाच्या सेवेत त्याने अमाप पैसा केला. १८०० साली तो लखनौलाच वारला. त्याच्या प्रचंड वाड्यात पुढे त्याच्या मृत्युपत्रानुसार ला मार्टिनिअर ही शाळा निघाली.

झिजलेले नाणे

हेस्टिंग्जनंतर आलेल्या कॉर्नवॉलिसने कंपनीच्या अधिकाऱ्यांचे पगार भरघोस वाढवले आणि त्यांच्या खासगी व्यापाराला बंदी घातली. संपत्तीचा ओघ आता नजराण्यांऐवजी पगार, निवृत्तिवेतन आणि कर या सभ्य वाटांनी वाहू लागला. तो थांबला मुळीच नाही, पण त्याचा डौल बदलला. त्यामुळे नेबॉब हा संतापाचा विषय न राहता हसण्याचा विषय झाला. कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरे याच्या 'व्हॅनिटी फेअर' (१८४७-४८) या कादंबरीतील जॉस सेडली हा कंपनीचा कलेक्टर पाहावा. तो लठ्ठ, खादाड, भित्रा आणि नटवा आहे. त्याची कोणाला भीती वाटत नाही.

याच वेळी इंग्रजीने एक गमतीचा निवाडा केला. खऱ्या हिंदुस्थानी नबाबांसाठी त्यांनी 'नवाब' हे मूळच्या अधिक जवळचे रूप पुन्हा उसने घेतले, आणि 'नेबॉब' हे जुने रूप चेष्टेसाठी राखून ठेवले. एकच शब्द एकाच भाषेत दोनदा गेला आणि दोन वेगळ्या खोल्यांत राहिला.

पुढे 'नेबॉब'चा हिंदुस्थानाशी असलेला धागाही तुटला. फ्रेंच लेखक अल्फोन्स दोदे याने १८७७ साली लिहिलेल्या कादंबरीतील 'नबाब' आपला पैसा आफ्रिकेतील ट्युनिसमध्ये करून आलेला आहे. इंग्रजीत कोणीही बडा धेंड नेबॉब ठरू लागला. १९७० साली अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आपल्या सरकारवर टीका करणाऱ्यांना एका भाषणात 'नेबॉब' म्हटले, आणि त्याआधी व नंतर त्याच अक्षराने सुरू होणारे दोन शब्द जोडले. ते वाक्य गाजले ते अनुप्रासामुळे. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना लखनौ किंवा मुर्शिदाबाद आठवले असेल? फार वापरलेल्या नाण्यावरील छाप झिजून जावी तसा शब्दाचा इतिहास झिजला होता. आवाज तेवढा उरला होता.

इकडे, आपल्या भाषांत

आपल्याकडेही 'नबाब' आपल्या जागी स्थिर राहिला नाही. 'मोठा नबाब लागून गेलास काय?' असे आई अंथरुणात लोळणाऱ्या मुलाला म्हणते, तेव्हा तिच्या मनात सुभेदारी नसते. काम न करता दुसऱ्याकडून सेवा घेणारा, खर्चाची पर्वा नसलेला, असा तो अर्थ. 'नबाबी थाट' यात कौतुक आणि टोमणा दोन्ही मिसळलेले असतात. लखनौत 'पहले आप, पहले आप' म्हणता म्हणता ज्यांची गाडी सुटली त्या दोन नबाबांचा विनोद सर्व देशभर सांगितला जातो.

हा आळशी, नादान नबाब कोठून आला? त्याचा काही भाग खरा होता. लखनौ दरबाराचा खर्च अवाढव्य होता, आणि साऱ्याच्या मक्तेदारांनी शेतकऱ्याला पिळून काढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या चित्राला पक्का रंग चढवण्याचे काम राज्य खालसा करू पाहणाऱ्यांनी केले. लखनौचा रेसिडेंट स्लीमन याने अवधमधील अनागोंदीवर कडक अहवाल लिहिले; राज्य मात्र खालसा करू नये, असे त्याचे मत होते. डलहौसीने अहवाल ठेवून घेतले आणि मत बाजूला सारले. १८५६ च्या फेब्रुवारीत कुशासनाचे कारण देऊन अवध खालसा झाले. वाजिद अली शहा कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गेला आणि १८८७ साली तेथेच वारला. तो ठुमरी आणि कथक यांचा जाणता आश्रयदाता होता, स्वतः कवी आणि ग्रंथकार होता. पण राज्य घेणाऱ्यांच्या कागदपत्रांत हेच त्याच्या नालायकीचे पुरावे ठरले. प्रेमचंदांची १९२४ सालची 'शतरंज के खिलाडी' ही कथा आणि तीवरून सत्यजित राय यांनी १९७७ साली काढलेला चित्रपट यांमुळे बुद्धिबळात बुडालेले लखनौकर घरोघरी पोचले. या कलाकृती थोर आहेत. पण 'नबाबी' हा शब्द उच्चारताना त्यातील किती रंग अनुभवाचा आणि किती सरकारी अहवालाचा, हे चाचपून पाहावे.

शब्दांनी उलट दिशेनेही प्रवास केला. इंग्रजी 'लॉर्ड' या शब्दाचे जुने रूप 'भाकरीचा राखणदार' अशा अर्थाचे होते. ज्याच्या घरी भाकरी, तो घरधनी, मग सरदार, मग ईश्वरही. हा सगळा उत्कर्ष भोगून तो शब्द हिंदुस्थानात उतरला आणि येथे त्याचा 'लाट' झाला. व्हाइसरॉय म्हणजे मोठे लाटसाहेब, प्रांताचा गव्हर्नर म्हणजे छोटे लाट, सरसेनापती म्हणजे जंगी लाट. साहेबाचे राज्य असतानाच हा शब्द घराघरांत पोचला होता. आज 'तो स्वतःला मोठा लाटसाहेब समजतो' असे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे समजते. लंडनने आपल्या 'नबाबा'चे जे केले, तेच मराठीने आणि हिंदीने त्यांच्या 'लॉर्डा'चे केले. फरक इतकाच की लंडनने ते राज्य करताना केले आणि आपण ते राज्य सोसताना.

उधळ्यांचे कर्ज

'नबाब' म्हणजे उधळ्या, ही समजूत लखनौत जाऊन तपासू लागल्यास एक वेगळाच शब्द हाती येतो: 'वसीका'. वसीका म्हणजे करारपत्र, लेखी हमी. अवधच्या राज्यकर्त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला वेळोवेळी मोठाल्या रकमा कर्जाऊ दिल्या. १८१४ ते १८१६ या काळातील नेपाळच्या युद्धासाठी गाझीउद्दीन हैदर याने दिलेली रक्कम त्यांतली एक. यांतील कित्येक कर्जे मुद्दल परत न मागण्याच्या अटीवर होती. कंपनीने त्यांचे व्याज नबाबाच्या नातेवाइकांना आणि आश्रितांना, आणि त्यांच्यामागे त्यांच्या वारसांना, निवृत्तिवेतन म्हणून देत राहावे, असा करार झाला. हेच वसीके. कंपनी १८५७ च्या उठावानंतर संपली, तिची जबाबदारी ब्रिटिश सरकारकडे आणि स्वातंत्र्यानंतर भारतातील सरकारकडे आली. संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेले; पण वसीका हे कर्जावरील व्याज असल्याने ते चालू राहिले.

प्रत्येक पिढीत वारस वाढले आणि वाटे लहान होत गेले. लखनौच्या हुसेनाबाद भागातील वसीका कचेरीत नाव नोंदलेल्या काही वारसांच्या वाट्याला महिना दहा रुपयेही येत नाहीत. तेथवर जाण्याचे रिक्षाभाडे त्याहून अधिक होते. तरीही ते जातात, सही करतात आणि पैसे मोजून घेतात.